शमीम, मधल्या दिव्याकडे बघ

शमीम,

काल संध्याकाळी तुझा साजिद तुझं हेल्मेट घेऊन माझ्याकडे आला होता. आत ये म्हटलं तर येईना. दारातच उभा राहून म्हणाला, "दुकानात वरच्या फळीवर होतं, मावशी. अब्बा म्हणाले, हे सुलभामावशींकडेच जाऊ दे." मी ते हातात घेतलं तर आत काहीतरी खडखडलं. उलटं करून हलवल्यावर अस्तरात अडकलेलं एक बटण बाहेर पडलं. शिंपल्याचं, दोन भोकांचं. "सगळी काढली होती मी," साजिद ओशाळून म्हणाला. तो गेल्यावर मी कडी लावली आणि ते जांभळं धूड मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

तुला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. भर दुपारी, रविवार पेठेतल्या तुमच्या लेस-बटणांच्या दुकानात, गिऱ्हाईकाला लेस मोजून देता देता तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस. हृदय बंद पडलं म्हणाले. मला रडू आलं ते नंतर, आधी राग आला. इतकी वर्षं आपण दोघी तुझ्या डोळ्यांवर पहारा देत बसलो आणि चोर भलत्याच दाराने आला. तुझ्या हृदयाची शक्यता कुणी कुठल्या कॉम्प्युटरमध्ये भरली नव्हती. तुझे डोळे मात्र शेवटच्या तपासणीत ठणठणीत होते.

आपली ओळख झाली ती डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर. दोघींनाही नुकतंच सांगितलं होतं की तुम्ही 'सस्पेक्ट' आहात. काचबिंदू झालेला नाही, पण होऊ शकतो. म्हणून आता दर सहा महिन्यांनी यायचं. मी त्या शब्दावर मनातल्या मनात चरफडत होते, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून शेवटी संशयित! तू शेजारी बसून, कुणालाही उद्देशून न बोलता, म्हणालीस, "चोरी झालेली नाही, पण चौकीवर हजेरी चालू." मी हसले आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत अशा थाटात म्हटलं, "मराठी छान बोलता हो तुम्ही." तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस. "तुम्हीही बरं बोलता की," म्हणालीस.

भवानी पेठेत चार पिढ्या राहिलेल्या बाईला मी हे ऐकवलं होतं. माझी इतकी व्यवस्थित जिरवल्यावर मैत्री न होऊन सांगते कुणाला. पुढच्या खेपेला आपण एकाच दिवसाची वेळ घेतली, आणि त्याच्या पुढच्या खेपेला 'अहो' गेलं.

तुझ्या अम्मीचे डोळे काचबिंदूने गेले होते, हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस. दुखलं नाही, खुपलं नाही. आधी बाजूचं गेलं. दाराच्या चौकटी लागायला लागल्या, शेजारी ठेवलेली कपबशी सांडायला लागली. घरात सगळे म्हणायचे, अम्मी वेंधळी झाली. मधलं दिसत होतं, म्हणून तिचं तिलाही कळलं नाही. कळलं तेव्हा कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. मग शाळेतून आल्यावर तिचा हात धरून तिला फिरवायचं काम तुझ्याकडे आलं. ते तू तिच्या शेवटापर्यंत केलंस.

डॉक्टरमॅडमनी आपल्याला शक्यतेचं प्रकरण समजावलं तो दिवस आठवतो? त्या मला आत बोलवत होत्या तर तू माझ्यामागून शिरलीस. "एकत्रच सांगा, म्हणजे बाहेर जाऊन पुन्हा सांगायला नको." मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, त्यांनी ते ऐकून घेतलं. वय किती, डोळ्यातला दाब किती, बुबुळावरचा काचेसारखा पडदा किती जाड, मागच्या नसेतला खळगा किती मोठा, घरात कुणाला आहे का. हे सगळं भरलं की कॉम्प्युटर सांगतो, येत्या काही वर्षांत काचबिंदू होण्याची शक्यता किती. दाब माझा तुझ्यापेक्षा जास्त होता. पण माझा पडदा जाड निघाला, तुझा पातळ. माझ्या आईने म्हातारपणीही सुईत दोरा ओवला, आणि तुझी अम्मी तशी. म्हणून तू 'जास्त' आणि मी 'कमी'.

"म्हणजे हवामान खातं," तू म्हणालीस.

"तसंच समजा, काकू," मॅडम म्हणाल्या. "पण हवामान खातं पुण्याचं सांगतं, तुमच्या गच्चीचं नाही सांगत. तुमच्यासारखे डोळे असलेल्या पुष्कळ लोकांपैकी साधारण किती जणांना होईल, ते मला सांगता येतं. त्यांच्यात तुम्ही असाल का, ते नाही सांगता येत."

"मग उपयोग काय?"

"छत्री कुणाला द्यायची, ते कळतं."

तुला छत्री मिळाली. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, जन्मभर. मला मात्र नुसतंच 'लक्ष ठेवू'.

त्या थेंबावरून आपण किती भांडलो! माझं म्हणणं, जो रोग झालाच नाही त्याला औषध कसलं? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तू थंडपणे म्हणालीस, "अम्मी पण हेच म्हणायची. तुरी आल्या तेव्हा तिला दिसल्या नाहीत." मी विषय बदलला, पण सोडला नाही. दर सहा महिन्यांनी तुझी तपासणी चांगली यायची आणि मी म्हणायचे, बघ, काही नाहीच आहे, उगाच डोळे लाल करून घेतेस. तू म्हणायचीस, थेंब घालते म्हणून काही नाहीये. दोघींचं म्हणणं एकाच कागदावरून खरं ठरायचं. हे भांडण मिटणारच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मिटावं अशी दोघींचीही इच्छा नव्हती.

आणि मी काही बोलले की तू माझ्या डोक्यावर घसरायचीस. मी कोथरूडहून सगळ्या गावभर स्कूटरवर हिंडणारी, तीही बोडक्याने. मी सांगायचे, हेल्मेट न घालणं हा पुणेकराचा तत्त्वाचा प्रश्न आहे. "तत्त्व डोक्यातच असतं ना तुझं?" तू म्हणालीस. "मग निदान ते तरी झाक."

तपासणीच्या शेवटी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालायचे आणि मग संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसायचं नाही. त्या दिवशी मी गाडी घरीच ठेवायचे. दोघी काळे चष्मे लावून, एकमेकींना धरून बाहेर पडायचो आणि टिळक रस्त्यावरच्या त्या उडप्याकडे जाऊन बसायचो. मेनूकार्ड वाचता येत नसल्यामुळे दरवेळी तेच, उत्तप्पा आणि कॉफी. बिलसुद्धा वेटरलाच वाचायला लावायचो. ती दुपार मला फार आवडायची. काहीच धड दिसत नाही म्हटल्यावर घरी जायची घाई नसायची, आणि बोलण्याखेरीज दुसरं काही करता यायचं नाही.

आणि अशाच एका दुपारी आपण स्वारगेटला बसची वाट बघत उभ्या होतो. काळे चष्मे, हातात हात. एक गृहस्थ आले. "चला काकू, घाबरू नका," म्हणून त्यांनी दोघींचे दंड धरले आणि तो सबंध रस्ता ओलांडून आपल्याला पलीकडे नेऊन सोडलं. मधे रिक्षा काय, बस काय, सगळ्यांना हात दाखवून थांबवलं. आपल्याला पलीकडे जायचंच नव्हतं. पण ते इतके खूश दिसत होते की आपण दोघींनी वाकून आभार मानले. ते दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभ्या राहिलो आणि मग इतक्या हसलो की माझ्या पोटात कळ आली.

हसू ओसरल्यावर तू चष्मा काढून पुसलास. म्हणालीस, "अम्मीला असंच कुणीही धरून कुठेही न्यायचं. तिला जायचं होतं का, कुणी विचारलं नाही. मी पण नाही."

मग तू म्हणालीस, "सुलभा, मला एकदा कुणाचा हात न धरता कुठेतरी जायचंय. आधी अब्बांच्या सायकलवर बसले, लग्नानंतर युनूसच्या स्कूटरवर, आता साजिदच्या मागे. माझे डोळे आहेत तोवर एकदा मला एकटीला, माझी मी गाडी चालवत, खडकवासल्याच्या धरणावर जायचंय. चौपाटीवर कणीस खायचं आणि परत यायचं. बास."

एवढंच मागणं होतं तुझं. हज तू करून आली होतीस, मुलगा मार्गी लागला होता, दुकान चालत होतं. तुला हवं होतं ते एक भाजलेलं कणीस, आणि तिथवर नेणारी स्वतःची दोन चाकं.

शिकाऊ लायसन काढलंस तेव्हा घरात युनूसभाईंनी कपाळाला हात लावला. हेल्मेट घ्यायला आपण दोघी गेलो होतो. रस्त्यावरच्या त्या विक्रेत्याला तू उभा-आडवा पिदडलास. जांभळा रंग, पण असा नाही, तसा. पर्समधून दोऱ्याचं रीळ काढून त्याच्याशी छटा जुळवून बघितलीस. तो बिचारा म्हणाला, "मावशी, ब्लाऊज शिवायचाय का?" तू म्हणालीस, "डोक्याला मॅचिंग नको?"

मग रविवारी सकाळी सकाळी तू बसने कोथरूडला यायचीस, आणि आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर आपली शिकवणी चालायची. तू पुढे, मी मागे, माझे दोन्ही हात तुझ्या खांद्यांवर. पहिल्या दिवशी मला धडकीच भरली होती, कारण तुझी मान एका जागी ठरेना. डावीकडे कुत्रं, उजवीकडे क्रिकेटवाली पोरं, मागून येणारा दूधवाला, तुला सगळं एकाच वेळी बघायचं असायचं.

त्या सवयीनेच दवाखान्यात तुझा घात केला होता. फील्डची तपासणी म्हणजे काय, तर पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. ते दिसले की हातातलं बटण दाबायचं. शोधायचे नाहीत. प्राजक्ता, ती यंत्रावरची मुलगी, तुला दरवेळी विनवायची, "काकू, मधल्या दिव्याकडे बघा ना." शेजारच्या स्टुलावरून मीही कुजबुजायचे, "शमीम, मधल्या दिव्याकडे बघ." पण तुझा डोळा ऐकायचा नाही. जन्म गेला दुकानात. समोर गिऱ्हाईकाशी बोलायचं आणि डोळा मात्र कोपऱ्यातल्या लेसच्या गुंडाळ्यावर, कुणी उचलून पिशवीत टाकतंय का ते बघत. "गल्ल्यावरचा माणूस सरळ समोर बघायला लागला तर दुकान बुडेल," तू प्राजक्तालाच ऐकवलंस. तुझ्या रिपोर्टवर कायम शेरा, भरवशाचा नाही. माझ्यावर कधीच नाही. मी बाईच होते शाळेत, समोर बघा म्हटलं की समोर बघणारी. त्याचा मला छुपा अभिमानही होता.

मैदानावर मात्र मी तुला म्हटलं, "शमीम, गाडीला हेच लागतं. चहूकडे बघणारा डोळा. बाकी सगळं हाताला येईल." तू इतकी सुखावलीस! दवाखान्यात ज्याबद्दल बोलणी खाल्लीस, त्याचं कुणीतरी कौतुक केलं होतं. त्या रविवारी तू पहिल्यांदा पाय न टेकवता मैदानाची पूर्ण फेरी मारलीस. आपण ठरवलं, ईद झाली की लायसनची परीक्षा, आणि मग खडकवासला. तू एकटी. मी मागेही नाही, सोबतही नाही.

ईदच्या आधी तपासणी आली. रमजानचे दिवस, ऊन तापलेलं, दुपारची वेळ. मी म्हटलं, पुढे ढकलूया. तू म्हणालीस, "रोजा आहे म्हणून काय डोळे मिटलेले असतात का? आणि मौलवींना विचारलंय, डोळ्यातल्या थेंबाने रोजा तुटत नाही." पहाटे सहरीच्या खाण्यासाठी उठलेली तू, खोलीत अंधार, एसीचा गारवा. यंत्रात हनुवटी टेकवलीस आणि तुझा डोळा लागला. मी स्टुलावरून बघत होते, बटणाचा आवाज विरळ होत गेला. मला वाटलं, आज शहाण्यासारखी समोर बघते आहे.

रिपोर्टवर वरच्या अंगाला काळा डाग उमटला. मॅडम लगेच म्हणाल्या, "काकू, यावर मी काहीच म्हणणार नाही. तुम्हाला झोप लागली होती, पापणी खाली आली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा करू. तोपर्यंत काहीही समजू नका." मी ते ऐकलं. तू फक्त डाग बघितलास. रमजान म्हणून त्या दिवशी कॉफीही नव्हती. स्वारगेटपर्यंत आपण चालत गेलो. बस येताना दिसली तेव्हा म्हणालीस, "तुरी आल्या."

तो मधला महिना. शमीम, मला जे काही वाईट वाटतं ना, ते सगळं त्या महिन्यात साठलंय. त्या महिन्यात तू मैदानावर आली नाहीस. दुकानातलं रंग जुळवायचं काम साजिदकडे सोपवलंस. शिकाऊ लायसनची मुदत संपली, ती संपू दिलीस. ऐन चौकात डाव्या बाजूचं दिसलं नाही तर, म्हणालीस, कुणाचं तरी पोर माझ्या चाकाखाली यायचं. दुकानात सुट्या बटणांना डबा कमी पडत होता, तर हेल्मेट उलटं करून त्यात जोडी हरवलेली बटणं भरून ठेवलीस. महिन्याने पुन्हा तपासणी झाली आणि कागद स्वच्छ आला. डाग वगैरे काही नव्हतंच. प्राजक्ताने टाळ्या वाजवल्या, मॅडमही हसल्या. आपण उडप्याकडे जाऊन कॉफीबरोबर शिरासुद्धा खाल्ला.

मी म्हटलं, "चल आता, रविवारी ये." तू म्हणालीस, "बघू. आता ऊन फार आहे."

मी पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडचा आग्रह तो असाच. एकदा विचारायचं, समोरचा नको म्हणाला की वाटी उचलून ठेवायची. त्यालाच आम्ही सभ्यपणा म्हणतो. तुमच्या घरी जेवायला आले तर नको नको म्हणताना ताटात तिसऱ्यांदा बिर्याणी पडते, हे मला ठाऊक होतं. तुला तीनदा विचारायला हवं होतं. तुमच्यात पहिलं 'नको' कुणी खरं धरत नाही, आणि मी ते खरं धरलं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तुझा कागद स्वच्छ येत गेला, आणि दरवेळी तू म्हणायचीस, "पुढच्या तपासणीलाही असंच आलं तर बघते." मी मान डोलवायचे. दोन शहाण्यासुरत्या बायका, डोळे जाण्याची वाट बघत डोळे असलेली वर्षं घालवत होत्या, आणि मधे उत्तप्पा खात होत्या.

मी तुला दोष देत नाही. ज्या मुलीने आईचा हात धरून तिला जन्मभर फिरवलं, तिला 'जास्त शक्यता' हे शब्द आकड्यासारखे ऐकू येत नाहीत. तिला दाराची चौकट ऐकू येते. मला हे आज कळतं. तेव्हा मी तुला हवामानाचा धडा समजावत होते.

गेल्या आठवड्यात आपली तपासणी होती. वेळ दोघींच्या नावावर घेतलेली, मी रद्द केली नव्हती. बाहेरच्या मुलीने आधी तुझं नाव पुकारलं. मी उठून तिला सांगितलं. तिने मान खाली घालून स्क्रीनवर काहीतरी पुसलं, आणि मला ते पुसणं बघवलं नाही. आत मॅडमना कळलं तेव्हा त्या बराच वेळ पेन फिरवत बसल्या. मी त्यांना आपलं भांडण विचारलं. म्हटलं, आता तरी सांगा, थेंब घातले म्हणून तिला काचबिंदू झाला नाही, की तिला तो होणारच नव्हता? त्या म्हणाल्या, "नाही सांगता येणार, काकू. एकाच माणसाला औषध देऊनही बघायचं आणि न देऊनही बघायचं, असं करता येत नाही ना. पण तशीच वेळ पुन्हा आली तरी मी त्यांना थेंब देईनच." म्हणजे तूही जिंकली नाहीस आणि मीही नाही. तू असतीस तर यावरूनही दोन तास भांडलो असतो.

मग त्यांनी माझा दाब बघितला. पुन्हा बघितला. नसेचा फोटो काढला, मागच्या फोटोशेजारी लावून बघितला. "जरासा बदल वाटतोय," म्हणाल्या. "फील्ड करून घेऊ." मी, कमी शक्यतेची. जाड पडद्याची. ज्या आईने सुईत दोरा ओवला तिची मुलगी.

आत गेले. हनुवटी टेकवली. प्राजक्ताने खोलीतला दिवा मालवला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "काकू, मधल्या दिव्याकडे बघा." मी बघत होते. खरंच बघत होते. पण माझ्या डाव्या हाताला तुझं स्टूल होतं. तिथून एरवी तुझ्या तसबीहचे मणी सरकल्याचा आवाज यायचा आणि मधेच तू पुटपुटायचीस, "दाब, सुलभा, दाब." आवाज आला नाही की डोळा तिकडे जायचा. मी तो मधे आणायचे, तो पुन्हा जायचा. प्राजक्ता दोनदा थांबली. शेवटी तिने हलकेच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि यंत्र बंद केलं.

माझ्या कागदावर पहिल्यांदा तो शेरा आला. भरवशाचा नाही. डाग आहे की नाही ते कळतच नाही. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा करू. तोपर्यंत काहीही समजू नका."

हा महिना मला ओळखीचा आहे, शमीम. अशाच एका महिन्यात तू गाडी सोडून बसलीस ती पुन्हा उठली नाहीस. काळे चष्मे लावून मी एकटीच बाहेर पडले. उडप्याकडे गेले नाही, रिक्षा करून घरी आले. आणि खरं सांगते, चार दिवस मीही हेच केलं. स्कूटरला हात लावला नाही. भाजी जिन्याखालच्या दुकानातून आणली. मुलीचा बंगळुरूहून फोन आला तर सांगितलं, गाडी आता विकून टाकावी म्हणते. ती म्हणाली, बरंच होईल आई. मी निदान एकदा तरी विचारलं होतं, तिने 'का' असंही विचारलं नाही. आणि मग काल साजिद तुझं हेल्मेट घेऊन आला.

आज सकाळी मी ते घातलं. जन्मात पहिल्यांदा. तुझं डोकं माझ्यापेक्षा मोठं, आतून रुमाल बांधावा लागला. अस्तराला अजून तुमच्या दुकानाचा, नव्या कापडाचा आणि अत्तराचा वास आहे. सोसायटीच्या वॉचमनने मला ओळखलंच नाही. ओळखल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण?" मी म्हटलं, तत्त्व झाकलंय.

खडकवासल्याच्या वाटेवर, सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत मला एक गोष्ट कळली. हेल्मेटमधून बाजूचं कमी दिसतं. दोन्हीकडच्या कडा कापल्या जातात आणि समोरचा तुकडा तेवढा उरतो. हे असं असतं का? तुझ्या अम्मीचं असंच झालं होतं का? पुढच्या महिन्यात त्या मला हेच सांगणार आहेत का? गाडी कडेला घ्यावी असं वाटलं. पण मग मान वळली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हातगाडी, शाळेची बस, दुभाजकावर झोपलेलं कुत्रं. मैदानावर माझ्या पुढ्यात बसून तू वळवायचीस तशी. दिसत नसेल तिकडे मान न्यायची. बाकी सगळं हाताला येतं.

नांदेड फाट्याच्या पुढे एक मोटारसायकलवाला मागून ओरडला, "ओ आजी, समोर बघा की!" मी बघितलं नाही. उजवीकडे झाडांच्या फटीतून काहीतरी चमकलं, पुन्हा चमकलं, आणि मग एकदम सगळं पाणी उघडं पडलं. माझा अंगठा आपोआप हॉर्नच्या बटणावर दाबला गेला.

दिसलं, शमीम.